दहातला एक

आधी कूलर बंद करायचा.
मे महिना, अमरावती रोड, रात्रीचे अकरा,
पारा अजून अडतिसाखाली यायला तयार नाही.
पण कूलरची ओल काचेला चालत नाही,
त्याची घरघर तर मुळीच नाही.
धारगावे काका बटण दाबतात नि म्हणतात,
"घ्या मॅडम, शिजा आता."

मग हायड्रोजनची ज्योत. दिसत नाही, कळते फक्त.
तिच्यावर काचेची तार, केसाहून जरा जाड,
दोन टोकांना दोन मोटरी, उलट दिशांना,
मुंगीलाही कंटाळा यावा इतक्या सावकाश.
तार बारीक होत जाते.
एका केसाचे दोनशे उभे भाग करा, त्यातला एक घ्या,
तेवढी.
तिथे पोचल्यावर उजेड काचेत मावत नाही,
थोडा बाहेरून चालतो, काचेला हात लावून,
वीज गेल्यावर भिंतीच्या कडेने
जिना उतरणाऱ्या माणसासारखा.

सतरा तारा तुटल्या.
एक धुळीने, एक माझ्या शिंकेने,
एक कोराडीकडे निघालेल्या कुठल्याशा ट्रकने.
उरलेल्या चौदांपुढे वहीत लिहिलंय: कारण अज्ञात.

गोळीबार चौकामागे आमच्या घरी माग होता.
लुगड्याचा ताणा तुटला की बाबा
बोट जिभेला लावून दोन टोकं जवळ आणत
आणि थांबत.
"सुताले ओढाचं नाही," म्हणत, "त्याले यिऊ द्याचं."
माग विकला तेव्हा मी बारावीत होते.
भंगारवाल्याने लाकूड वेगळं तोललं, लोखंड वेगळं.
धोटा तेवढा बाबांनी दिला नाही.

तारेवर हिरा ठेवायचा असतो.
हिरा म्हणजे इतवारीच्या सराफ्यात
कुणी ढुंकूनही बघणार नाही असा,
पाण्यात कालवलेली भुकटी.
नशीब असेल तर एका कणात एकच चूक:
एका जागी कार्बन गायब,
शेजारी नायट्रोजन, न बोलावता येऊन बसलेला.
आम्हाला ती चूकच हवी.
हिरवा लेझर पडला की ती तांबडा उजेड सोडते,
एका वेळी एकच दाणा.
दुसऱ्याआधी तिला दम खावा लागतो.

सुईच्या टोकाला थेंब.
खाली तार, जी मला दिसत नाही,
तिच्यावर सरकणारी चमक तेवढी दिसते.
ओढायचं नाही.

तीन वाजून दहा मिनिटांनी
तारेच्या दोन टोकांचे दोन शोधक मोजू लागले,
कधी हा, कधी तो,
दोघे एकदम जवळजवळ कधीच नाहीत.
एक दाणा दोन दारांतून कसा जाईल?
पडद्यावर आलेख साचत गेला
आणि मधोमध, शून्यावर, खड्डा पडला.
या शहरात अंतरं मोजायला शून्याचा दगड आहे.
माझी पाच वर्षं मी या खड्ड्यापासून मोजणार.

काका चष्मा सारून वाकले.
"खड्ड्यासाठी चाललं होतं हे सारं?
आमच्या मानेवाड्याले या न मग, पाह्यजे तेवढे देतो."
आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले,
घामाने असतील.

सकाळी बाबांना फोन केला.
उजेडाचा दाणा तारेत शिरला, म्हटलं.
"कितीतला?"
"दहातला एक."
बराच वेळ नुसती पंख्याची खरखर.
दुकानदाराने मजुरी कापून हातावर ठेवली की
असेच गप्प राहायचे ते.
"मंग बाकीचे नऊ कुठी जातेत, बाई?"

कुठेही. छताकडे, काकांच्या बाहीकडे,
काल रात्रीच्या पोह्यांच्या तर्री लागलेल्या कागदाकडे.
आमच्यात त्याला 'ऱ्हास' असा शब्द आहे.
तो मी वापरला नाही.
"खोलीतच असतात," म्हटलं. "इथंच."